उजव्या तारेची पिन

रुमाल काढायला खिशात हात घातला तर बोटाला काहीतरी टोचलं. बाहेर काढून बघतो तर स्प्लिट पिन. बारकी, स्टेनलेसची, आगकाडीएवढी, आणि एका पायाचं टोक जरासं वाकलेलं. म्हणजे कोरी नव्हे. एकदा भोकात घालून, पाय फाकवून, परत सरळ करून काढलेली. पंचवीस वर्षं फिटरकी केली मी, पिन कोरी का काढलेली हे डोळे मिटून सांगीन. सकाळचे सहा पस्तीस झाले होते. रांजणगावला कंपनीच्या गेटासमोर हौसरावाच्या टपरीवर आम्ही शिरूरच्या बसमधून उतरलेले सातआठ जण उभ्या उभ्या चहा घेत होतो, आणि मी ती पिन उजेडाला धरून बघत होतो. "काय घावलं रं?" हौसरावानं विचारलं. "काय न्हाई. पिन हाय," मी म्हणालो आणि मूठ मिटली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मुठीत काय होतं कोण जाणे.

ही पँट कंपनीची. निळ्या गणवेशाच्या दोन जोड्या आहेत माझ्याकडं, त्यातली जुनी जोडी मी रविवारी घालून गेलो होतो, कारण ऑइलचं काम घरच्या कपड्यात केलं की सीमा, म्हणजे माझी बायको, दोन दिवस तोंड फुगवून बसते. रविवारी संध्याकाळी परत आलो, पँट खुंटीला लावली आणि आज गुरुवारी तीच अंगात चढवली. म्हणजे ही पिन रविवारची. म्हणजे ही पिन दौंडची. म्हणजे ही पिन गौतमीच्या होडीतल्या उजव्या तारेची, आणि ती इथं माझ्या मुठीत असेल तर तिथं भोक रिकामं आहे. एवढं सगळं एका क्षणात समजलं, आणि लगेच दुसऱ्या क्षणी मी स्वतःला सांगायला लागलो की तसं काही नाही. वाकवलेली पिन परत वापरायची नाही हा माझाच नियम. नव्या पोरांना शिकवताना मीच कोकलतो, जुनी काढली की नवी घाला म्हणून. मग मी जुनी काढून खिशात टाकली असणार आणि नवी घातली असणार. असणार. हा असणार मला चांगला ओळखीचा आहे.

गौतमी माझी एकुलती एक. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हीत गेली तेव्हा मी म्हणालो होतो, बाई गं, शिरूर कुठं, नेव्ही कुठं, घोड नदीत गुडघाभर पाणी असलं तरी आपण कलेक्टर आल्यासारखं बघायला जातो. ती हसली आणि गेली. तिथं तिला शिडाची होडी घावली, आणि मग पुण्यातली बरी नोकरी सोडून ती दौंडच्या खाली येऊन राहिली. भीमेचा फुगवटा आहे तिथं, उजनीचं पाणी मागं सरकत येऊन तटतं, उन्हाळ्यात बुडालेल्या विहिरींचे काठ वर दिसतात. तिथं एका निवृत्त साहेबानं शिडाच्या होड्यांचं छोटं केंद्र काढलंय आणि गौतमी पोरांना शिकवते. सीमा म्हणते, पोरीनं पाण्यात जन्म काढायचा व्हय. मी काही म्हणत नाही, पण कंपनीत कोणी विचारलं तर मीच आधी फोटो दाखवतो. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "पप्पा, मुंबईहून एक जुनी बोट आणलीय, तारा सगळ्या गंजलेल्या आहेत, मास्ट उभा करायचाय. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही." तुमच्याशिवाय. सत्तावीस वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. मी रात्रीच हत्यारांची पिशवी भरली, सीमा म्हणाली, रविवार आजच हाय का.

रविवारी होडी काठावर लाकडी ओंडक्यांवर ठेवलेली होती. चौदा फूट, फायबरची, पांढरा रंग पोपडे येऊन निघालेला. डोलकाठी, म्हणजे तो मास्ट, बाजूला गवतात पडलेली, अॅल्युमिनियमची, एकवीस फूट. मी आल्या आल्या तिला खांद्यावर घेऊन बघितलं, वजन काहीच नाही. हिला काय धरून ठेवायचंय, मी म्हणालो, ही तर मांडवाच्या बांबूपेक्षा हलकी. गौतमी म्हणाली, "पप्पा, तिला तिचं वजन पाडत नाही, वारा पाडतो." तिनं मला समजावलं ते मी असं समजलो: काठीचं बूड होडीच्या मधल्या खाचेत नुसतं बसतं, तिथं ना बोल्ट ना वेल्डिंग. काठीला उभं ठेवतात ते तीन तारा. एक नाकाडाला, एक डावीकडं, एक उजवीकडं. मागं काही नाही, मागचं काम बाजूच्या दोन तारा जरा मागं खेचून करतात. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल, तो फिरवला की तार ताणत जाते. आणि टर्नबकल आपोआप उलटा फिरू नये म्हणून त्याच्या आट्यातून आरपार एक स्प्लिट पिन. बस्स. एवढ्यावर सगळा कारभार. वारा एका बाजूनं आला की त्या बाजूच्या तारेवर सगळा भार, दुसरी सैल. सैल पडलेली तार थरथरते, आणि पिन नसली तर थरथरत टर्नबकल कणाकणानं सुटत राहतो. दिसत नाही. कळत नाही. मग होडी वळते, वारा दुसऱ्या बाजूला येतो, सगळा भार त्याच तारेवर पडतो, आणि तार निघून आलेली असते. मग एकवीस फुटाची काठी खाली. अंगात लाइफ जॅकेट असतं, डोक्याला काय असतं? हे मीच विचारलं होतं तिला, रविवारी, टर्नबकलला तेल सोडता सोडता. "म्हणून तर तुम्हाला बोलावलंय," ती म्हणाली.

सहा पन्नासला पहिला भोंगा झाला. गेटवर फोन जमा करावा लागतो, आतल्या खात्यात फोन चालत नाही, चिठ्ठी लावून फडताळात टाकतात ते तीन वाजता परत. माझ्यापुढं दहा माणसं होती. दहा माणसं म्हणजे चार मिनिटं. चार मिनिटांत फोन लावून सांगता येतं, गौतमी, उजव्या तारेची पिन बघ गं. सहा शब्द. मी फोन काढला आणि फोन न लावता रविवारचा फोटो उघडून बसलो. तिनंच काढलेला, मी होडीपाशी उभा, मागं काठी, तारा, आभाळ. दोन बोटांनी फोटो मोठा केला. उजवा टर्नबकल दिसतो, आणखी मोठा केला तर नुसते चौकोन चौकोन होतात. पिन असेल तर तिथं एक पांढरा ठिपका हवा. एक ठिपका होता. तो उन्हाचा पण असेल. मग मी फोटोत स्वतःकडं बघितलं. माझा उजवा हात खिशात होता. फोटो काढताना मी कधी खिशात हात घालत नाही, लहानपणी आमच्या गुरुजींनी छडी मारून मोडलेली सवय आहे ती. मग तो हात खिशात काय ठेवत होता? रांग पुढं सरकली. सिक्युरिटीवाला म्हणाला, काका, फोन. इतक्या सकाळी ती झोपली असेल, मी मनात म्हणालो, उगाच कशाला. आणि फोन दिला. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते असं आहे. मी माझ्या हातानं दिला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी रविवारी केलं. काम झालं होतं. डावीउजवीकडचे आटे सारखे मोजून दिले होते, काठीच्या टोकापासून दोन्ही कडांना टेप लावून बघितला होता, ओळंबा सोडला होता. ओळंब्यावरनं आमचं जरा वाजलं पण. ती म्हणे, काठी सरळ नको, थोडी मागं झुकलेली हवी. मी म्हणालो, वाकडी काठी उभी करायला मला साठ किलोमीटर बोलावलंस का? ती म्हणे, वारा भरला की शीड तिला पुढं ओढतं, तेव्हा ती सरळ होते, आत्ताचं बघू नका, चालतानाचं बघा. शेवटी तिचंच ऐकलं, चार बोटं मागं ठेवली. तिन्ही पिना घालून पाय फाकवले होते. मग मला अवदसा आठवली. तरुणपणी मी आमच्या वस्तीतल्या गायनपार्टीत तुणतुणं वाजवायचो. चौदा एप्रिलला गावोगाव जायचो. तार लावायला माझ्यासारखा कान नाही, असं सगळे म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं, अजून वाटतं. मी गौतमीला म्हणालो, थांब, तुला गंमत दाखवतो. डाव्या तारेला टिचकी मारली. उजव्या तारेला मारली. उजवी किंचित उतरलेली. इतकी की टेपला कळणार नाही, मलाच कळणार. "ऐकू येतंय का?" मी विचारलं. "नाही," ती म्हणाली. "तेच म्हणतो मी, कुणालाच येत नाही." आणि उजवी पिन काढली, टर्नबकलला अर्धा फेरा दिला, परत टिचकी. आता दोन्ही तारा एका सुरात बोलल्या. ती खरंच चकित झाली. तिच्या तोंडावर लहानपणीचं तेच आलं, मी सायकलची चेन बसवून दिल्यावर यायचं ते. "पप्पा, असेच उभे राहा, हलू नका, फोटो काढते," ती म्हणाली. मी उभा राहिलो. त्यानंतर केंद्राचे साहेब आले, त्यांनी हात मिळवला, वा म्हणाले, चहा झाला. पुढचं मला सगळं आठवतं, चहात आलं होतं ते आठवतं. नवी पिन घातल्याचं तेवढं आठवत नाही.

खात्यात त्या दिवशी तीन नंबरच्या प्रेसचं बेअरिंग बदलायचं होतं. मी हातानं काम करत होतो आणि डोकं फुगवट्यावर. आठ वाजता ती उठलेली असणार. नऊला पहिली बॅच. तिनं रविवारीच सांगितलं होतं, गुरुवारपासून दौंडची शाळेची मुलं येणार आहेत, चारचार जणांना याच बोटीतनं फिरवणार. त्याच्या आधी तीन दिवस ती एकटीच चालवून बघणार होती. म्हणजे तीन दिवस टर्नबकल थरथरतोय. एका वाऱ्याला किती फिरत असेल? मी हिशेब घालत बसलो. आटे किती पकडलेत, मी स्वतः दिले होते, बाराच्या वर. दिवसाला दोन धरले तर आज सहा उरले. चार धरले तर आज संपले. शेडच्या वरच्या झरोक्यातनं वारा येत होता, पत्र्याचं एक टोक कुठंतरी फडफडत होतं. एरवी त्या आवाजाकडं कुणाचं लक्ष जात नाही. बाजूच्या मशीनवरचा बिहारचा माणूस म्हणाला, "बबनभैया, तबीयत ठीक नहीं क्या? चेहरा उतर गया है।" मी म्हणालो, "पित्त झालंय." साहेबांच्या केबिनमध्ये फोन आहे. गेटपास मागितला असता तर मिळाला असता, घरी इमर्जन्सी आहे म्हटलं की देतात. केबिनपासून मी वीस पावलांवर होतो. मी त्या वीस पावलांच्या अलीकडं बेअरिंग ठोकत बसलो. का? कारण गेलो असतो तर काय इमर्जन्सी ते सांगावं लागलं असतं. फिटर बबनराव पिन घालायला विसरला, हे त्या केबिनमध्ये, त्या केबिनमधल्या कपाटासमोर सांगावं लागलं असतं. त्या कपाटात हौसरावाची फाइल आहे.

आता हे सांगतोच, नाहीतरी ते सकाळपासून माझ्या मानगुटीवर बसलेलं आहे. अकरा वर्षांपूर्वी हौसराव याच खात्यात होता. माझ्याच गावचा, निमोण्याचा, थोरल्या भावकीतला, घरची बागायत, तरी कंपनीत आलेला. आमचं जमायचं. तो दुसऱ्या पाळीला होता, मी पहिल्या. डाय, म्हणजे प्रेसचा जड लोखंडी साचा, उचलायच्या चेन ब्लॉकची शॅकल, म्हणजे भार अडकवायची कडी, मी तपासायला घेतली होती, पिन काढली होती, शॅकलचा बोल्ट हातानं आवळला होता, आता पान्यानं आवळून नवी पिन घालायची एवढंच राहिलं होतं, आणि बसनं हॉर्न दिला. तीन दहा. कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही, चुकली की हायवेवर तास तास हात करत उभं राहायचं. मी पळालो. तपासणीच्या कागदावर सही मी आधीच ठोकली होती, आम्ही सगळेच आधी ठोकतो, नंतर काम करतो, आजही. सव्वापाचला हौसरावाच्या उजव्या हातावर डाय आली. मनगटापासून गेला. चौकशी झाली. लोडखाली हात घातला, कामगाराची चूक, असं लिहिलं. कुणी कुजबुजलं, प्यायला असंल. हौसराव माळकरी. त्याला दवाखान्यात भेटायला मी केळी घेऊन गेलो, तर तो पडल्या पडल्या म्हणतो, "बबन, माझंच चुकलं रं. हात घालायलाच नको हुता." हे वाक्य तो अकरा वर्षं म्हणत आलाय. दर वेळी मी मान हलवत आलोय.

ती पिन मला संध्याकाळी घरी, पँट खुंटीला लावताना सापडली. कुणी विचारलंच तर हेच सांगायचं, असं मी तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. पण स्वतःला इतक्यांदा सांगून झालंय की ती खुंटी, खालचा गिलावा उडालेला, मला डोळ्यांपुढं दिसते. पिन मी शिरूरच्या पुलावरून घोड नदीत टाकली. गप्प का बसलो त्याची कारणं पण माझ्याकडं आहेत, एक नाही चार. त्या महिन्यात माझं पर्मनंटचं पत्र निघायचं होतं, बारा वर्षं कंत्राटावर काढल्यावर. आणि हौसरावाची भावकी मोठी, सोसायटीत, पंचायतीत त्यांचीच माणसं. माझं नाव आलं असतं तर ती एका फिटरची चूक राहिली नसती, आमच्या आख्ख्या वस्तीची झाली असती, मुद्दाम केलं म्हणाले असते. हे खोटं नाही. निमोण्यात असं होताना मी बघितलेलं आहे. पण हे कारण मला नंतर सुचलं, निवांत बसल्यावर. त्या वेळी मी नुसता भ्यालो होतो. हौसरावानं गेटासमोर टपरी टाकली तेव्हा वरचा कापडी आडोसा मी बांधून दिला. तीन तारा, तीन टर्नबकल, तीन पिना. दहा वर्षं रोज सकाळी चहा पिता पिता मी त्या तिन्ही पिना नजरेनं मोजतो. हौसराव चारचौघांत सांगतो, "वादळ आलं तरी हालत न्हाई, बबननं बांधलाय." मी गिलासात बघतो. आणि माझ्या पोटच्या पोरीच्या डोक्यावरची तार बांधताना मी फोटोला उभा राहिलो.

बारा वाजता कँटीनमध्ये भात चिवडत बसलो. कुणाचं तरी ताट पडलं, स्टीलचं, आणि मी उभाच राहिलो, सगळे बघायला लागले. चोराच्या मनात चांदणं. काही झालं असतं तर एव्हाना गेटवर निरोप आला असता, मी म्हणालो. मग म्हणालो, सीमाला आला असता, आणि सीमाला कंपनीचा नंबर माहीत नाही. मग मला पाणी दिसायला लागलं, सपाट, तांबूस, आणि त्यावर लाइफ जॅकेट, नारिंगी. चार लहान आणि एक मोठं. मोठं पालथं. मी ते पुसायचो, ते परत यायचं. दीड वाजता वारा वाढला. दोनला आणखी. उन्हाळ्यात दुपारी तिकडं वारा जास्त, ती म्हणाली होती, खरी मजा तीननंतर. मी बेअरिंग बसवलं, ग्रीस भरलं, पिना घातल्या, पाय फाकवले, परत बघितल्या, परत बघितल्या. शेवटी तपासणीच्या कागदावर सही करायची वेळ आली तर बघतो, सही सकाळीच केलेली आहे.

तीनला सुटलो. फोन हातात घेतला, चालू करेपर्यंत गेटाबाहेर आलो, पाय आपोआप टपरीवर गेले. एकही मिस्ड कॉल नाही. हौसराव गाळणं धरून होता, डाव्या हातात पातेलं, उजव्या मनगटाच्या बुडख्यावर गाळण्याची मूठ तोलून. तसा चहा गाळायला त्याला दोन वर्षं लागली. माझ्याकडं बघून त्यानं न विचारता गिलास भरला. मी फळकुटावर बसून फोन लावला. वाजला. वाजत राहिला. पाण्यावर असली की ती फोन काठावर ठेवते. बंद झाला. परत लावला. माझे ओठ हलत होते, मी काय म्हणत होतो मला माहीत नाही. पाचव्या वेळी उचलला.

"जय भीम, पप्पा. काय झालं? इतके फोन?"

तिच्या मागं पोरांचा गलका होता, कुणीतरी हसत होतं. मी एका दमात सगळं बोललो. "गौतमी, होडी बाहेर काढ. पाण्यातनं काढ. उजव्या तारेची पिन ऱ्हायलीय, मी घातली न्हाई, माझ्या खिशात सापडली. आदी पोरं उतरव. काठी खाली येईल गं."

तिच्या मागचा गलका जरा लांब गेला. मग म्हणाली, "घातलीय पप्पा. सोमवारी सकाळीच घातली मी दुसरी."

"म्हंजी?"

"सोमवारी बोट पाण्यात घालायच्या आधी सगळं तपासलं. उजवीला नव्हती. पाण्यावर जायच्या आधी सगळं हातानं चाचपायचं, कुणीही बांधलेलं असो, असं शिकवलंय आम्हाला."

मी फळकुटावर मागं टेकलो, डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, ते मी पुसलं पण नाही. जिवंत होती. पोरं जिवंत होती. सोमवारपासूनच सगळं ठीक होतं, आणि मी इथं आठ तास मेलो होतो. "मग बोलली का न्हाईस मला? चार दिस झालं," मी म्हणालो, जरा रागानंच.

"म्हटलं तुम्हीच सांगाल," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पोरांना शिकवताना असतो तसा. "खिशात तर असणारच ना ती. सापडली की फोन कराल, म्हणून वाट बघत होते." मग तिनं विचारलं, "कधी सापडली, पप्पा?"

खरं तर तिनं हे सहज विचारलं असेल. पण मला ते सहज लागलं नाही. टपरीच्या मागं कंपनीच्या भिंतीवर मोठं घड्याळ आहे, त्यात तीन सहा झाले होते. सहा पस्तीस, असं म्हणायचं होतं. सहा पस्तीसला सापडली, फोन हातात होता, मी तो जमा केला, नऊला तुझी बॅच जाणार हे मला माहीत होतं. एवढं ऐकायला ती तिकडं काठावर उभी होती.

"आत्ता," मी म्हणालो. "आत्ताच. रुमाल काढताना."

"बरं," ती म्हणाली. "नशीब फोन केलात. ठेवू? पोरं थांबलीत." आणि फोन बंद झाला. फोन करताना मुठीत आवळलेली पिन मी फळकुटावर ठेवली. तळहातावर तिचा वळ उठला होता.

मघापासून गाळण्याचा आवाज थांबला होता, ते मला आता कळलं. बाकीची माणसं बसकडं गेली होती. हौसराव फळकुटावरच्या पिनेकडं बघत होता. मग त्यानं वर बघितलं, आडोशाच्या तारेकडं, टर्नबकलकडं, त्यातल्या पिनेकडं. दहा वर्षं ती पिन त्याच्या डोक्यावर होती आणि मला वाटतं त्यानं ती पहिल्यांदा बघितली. तो खात्यातला माणूस. त्याला पिन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

"आत्ता सापडली व्हय?" तो म्हणाला. "सकाळच्याला तुझ्या मुठीत हुती की. मी इचारलं बी तुला, काय घावलं म्हणून."

मी गिलास उचलून परत खाली ठेवला.

"पोरीशी खोटं बोललास."

"हां."

हौसराव माझ्यासमोर फळकुटाच्या पलीकडं बसला. त्यानं डाव्या हातानं पिन उचलली, चिमटीत धरली, वाकडं टोक नखानं चाचपलं. उजवा हात मांडीवर होता, नेहमीसारखा गमजात गुंडाळलेला. आमच्या वयाची माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून फार बोलत नाहीत, पण तो बघत होता, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता, संशय नव्हता, नुसतं काहीतरी जुळत चाललं होतं, एकेक करत. शॅकल. हॉर्न. केळी. हा आडोसा. मला ते जुळताना दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

"बबन," तो म्हणाला.

"हं."

"माझी कवा सापडली हुती?"

खुंटी दिसली. गिलावा उडालेला दिसला. संध्याकाळी, घरी, पँट लावताना, सगळं तयार होतं, जिभेवर होतं. बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तीन दहा. माझं अंग सवयीनं उठायला निघालं, ढुंगण फळकुटावरून बोटभर सुटलं सुद्धा, आणि मी परत बसलो. दुसरा हॉर्न झाला. मग बस वळली आणि धूळ उडवत हायवेला लागली.

"साडेतीनला," मी म्हणालो. "बसमधी. खात्याचा नंबर हुता माझ्याकडं."

हौसरावानं पिन फळकुटावर ठेवली. तो गमजातल्या हाताकडं बघत मनाशी मोजत होता, ओठ हलत होते.

"मला सव्वापाचला लागलं," तो म्हणाला. "म्हंजी पावणेदोन तास हुतं तुझ्याकडं."